बंगळुरूत पाखरांसाठी बाग राखताना

बंगळुरूत नव्याने घर घेतलेली मराठी मंडळी बाल्कनीत चार कुंड्या मांडून झाल्या की हमखास विचारतात, पाखरांसाठी दाण्याचं कोणतं भांडं घ्यावं? बाजारात लाकडी घरकुलापासून प्लास्टिकच्या नळीपर्यंत हवं ते मिळतं. माझं सांगणं असं की भांडं घेण्याआधी पंधरा दिवस नुसतं बघावं. सकाळी सहा ते आठ या वेळात गच्चीवर, आवारात, समोरच्या झाडावर कोण येतं, काय खातं, कुठे बसतं हे वहीत टिपून ठेवावं. मल्लेश्वरममधल्या जुन्या घराच्या परसात येणारी पाखरं वेगळी आणि व्हाइटफील्डमधल्या चौदाव्या मजल्यावर येणारी वेगळी. दोन्हीकडे एकच उपाय चालत नाही.

पंधरा दिवस बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. इथल्या बागांमध्ये दिसणारी बहुतेक पाखरं दाणे खातच नाहीत. शिंजीर फुलांतला मध पितो आणि कोळी-किडे टिपतो. शिंपी, वल्गुली, दयाळ, वटवट्या यांचा सगळा भर किड्यांवर. बुलबुल, कोकीळ, तांबट आणि दिवसभर ‘कुटरू कुटरू’ करत राहणारा पांढऱ्या गालाचा कुटुरगा यांना फळं हवीत. चष्मेवाल्याला फळ, मध, किडे सगळंच चालतं. दाणे खाणारे म्हणजे मुनिया, होला, पोपट, जिथे अजून शिल्लक आहे तिथे चिमणी, आणि कबुतर. म्हणून या शहरात पाखरांना खाऊ घालायचं तर बाग हेच मुख्य ताट समजावं. हाताने वाढायचं ते थोडं, आणि तेही ऋतू बघून.

दाण्याची भांडी टांगायची पद्धत पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून आपल्यापर्यंत आली ती थंड मुलखांतून. इंग्लंडमध्ये जानेवारीत दिवस आठ तासांचा, जमीन गोठलेली, किडे नाहीत. तिथे सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीचे गोळे पाखरांना रात्र काढायला मदत करतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. इथल्या थंडीत स्वेटर लागतो, पण जमीन गोठत नाही. इथे पाखरांची ओढाताण होते ती फेब्रुवारीअखेरपासून वळवाच्या सरी येईपर्यंतच्या कोरड्या उन्हात, आणि झाडं तोडून फरसबंदी केलेल्या आवारांत बारा महिने. चरबीचा गोळा इथल्या उन्हात वितळतो आणि पिसांना चिकटतो. चिकटलेल्या पिसांनी पाखराला नीट उडता येत नाही. त्यामुळे तूप, डालडा, लोणी यांतलं काहीही नको.

दाण्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण त्यात आपली श्रद्धा आणि माया गुंतलेली असते. गच्चीवर रोज पसाभर ज्वारी टाकली की महिन्याभरात तिथे कबुतरांखेरीज कोणी दिसत नाही. याचं कारण कबुतराच्या शरीरात आहे. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस तिला किडे-अळ्या भरवाव्याच लागतात. कबुतराचं तसं नाही. नर-मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा पौष्टिक स्राव तयार होतो आणि पिल्लं त्यावर वाढतात. किड्यांचा हंगाम असो वा नसो, दाणे मिळाले की कबुतराचं पिल्लू वाढतं. दर खेपेला दोन अंडी, आणि वर्षभरात अनेक खेपा. आपण टाकलेल्या धान्याचं सरळ कबुतरांच्या संख्येत रूपांतर होतं, आणि वाढलेली कबुतरं वळचणी, एसीच्या फटी, खिडक्यांचे सज्जे व्यापून बसतात.

मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला हे मराठी वाचकांना आठवत असेलच. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, रस्त्यावर निदर्शनं झाली. त्या गदारोळात आरोग्याचा मुद्दा अनेकांनी अतिशयोक्ती म्हणून सोडून दिला, पण तो खरा आहे. कबुतरांच्या पिसांची धूळ आणि वाळलेल्या विष्ठेचे कण वर्षानुवर्षं श्वासात गेले तर काहींना फुप्फुसांचा ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हा आजार होतो. दुखणं वेळेवर ओळखलं नाही तर फुप्फुसं कायमची कडक होतात. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा वयस्कर माणसं असतील तर बाल्कनीत दाणे टाकूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. साचलेली विष्ठा झाडायची वेळ आलीच तर आधी पाणी शिंपडून ती ओली करावी, मास्क आणि हातमोजे घालावेत. कोरडी झाडू नये.

मग मुनियांना काय द्यायचं? याला जुना आणि उत्तम उपाय आहे. कोकणात नव्याच्या पौर्णिमेला भाताच्या लोंब्यांचं नवं दाराला बांधतात, कर्नाटकातही भाताच्या कणसांची तोरणं दारावर लावतात. तशी भाताची, राळ्याची किंवा नाचणीची कणसं जुडी करून दोरीने मोकळी टांगावी. मुनिया आणि चिमण्या लोंबीला लटकून दाणा सोलू शकतात. जड कबुतराला झुलत्या लोंबीवर बसताच येत नाही. जुडी संपली की काही दिवसांनी दुसरी. सुटे दाणेच द्यायचे असतील तर भांड्याभोवती चार-पाच सेंटिमीटर भोकांची जाळी करून घ्यावी, आणि त्यात रागी, राळे, बाजरी, तांदळाची कणी यांचं मिश्रण, तासाभरात संपेल इतकंच. कच्चा तांदूळ पाखराच्या पोटात फुगून ते मरतं, ही समजूत चुकीची आहे. ब्रेड, बिस्किटं, चिवडा, फरसाण आणि मीठ लावलेले दाणे मात्र खरोखर घातक, कारण मीठ पेलायला त्यांचं शरीर लहान पडतं. जमिनीवर दाणे सांडू देऊ नयेत. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. शहराच्या कडेच्या वसाहतींत हे नेहमी घडतं.

चिमणीचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दलही सांगायला हवं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार देशभरात मिळून चिमणी साधारण टिकून आहे, पण बंगळुरूसह सहा महानगरांत ती घटली आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन साजरा होतो आणि त्या दिवशी लाकडी घरटी भरपूर वाटली जातात. तुमच्या गल्लीत चिमण्या दिसत असतील तर घरटं जरूर लावा : भोक ३२ मिलिमीटरचं, जमिनीपासून किमान अडीच मीटर उंच, दुपारचं ऊन थेट न येणाऱ्या भिंतीवर. पण मैलभर परिसरात चिमणी नसेल तर घरट्याने ती परतणार नाही. पिल्लांना भरवायला अळ्या मिळतील अशी झुडपं, कुंपणाला वेल आणि थोडी उघडी माती असेल तरच तिला यायला कारण मिळतं.

आता पाण्याकडे वळू, कारण बंगळुरूत मार्च ते मे पाणी देणं ही पाखरांची सर्वांत मोठी सेवा आहे. दाणे न खाणारं पाखरूही पाण्यावर येतं. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या हजारो बोअरवेल आटल्या तेव्हा जलमंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. इथलं कावेरीचं पाणी जवळजवळ शंभर किलोमीटरवरून चढावर उपसून येतं, त्याची कदर ठेवायलाच हवी. पण पाखरांना लागतं किती? दीड-दोन तांबे. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालावं, आणि तेवढं वाचलेलं स्वच्छ पाणी पाखरांसाठी ठेवावं.

भांडं मातीचं, पसरट, खरबरीत तळाचं घ्यावं. कुंभाराकडची मोठी परात किंवा कुंडीखाली ठेवायची थाळी उत्तम. खोली कडेला दोन आणि मधोमध फार तर पाच सेंटिमीटर. भांडं खोल असेल तर मध्ये एक चपटा दगड ठेवा. लहान पाखरं त्यावर उतरतात आणि पाण्यात पडलेल्या मधमाश्याही त्यावर चढून वाचतात. काचेची, स्टीलची गुळगुळीत भांडी नकोत, त्यात पाय घसरतो आणि दुपारी पाणी तापतं. भांडं सावलीत असावं, पण दाट झुडपाला खेटून नसावं. मांजर तिथे दबा धरून बसतं. झुडपापासून दोन-तीन मीटर मोकळी जागा असली की पाखराला मांजर दिसतं, आणि शिक्रा आला तर झुडपात शिरायलाही वेळ मिळतो. मुनियांचा थवा येतो तो दुपारच्या कडक उन्हात, बुलबुल संध्याकाळी चारनंतर अंघोळीला येतात. शिंजिराला थाळी फारशी आवडत नाही. पाइपने पानांवर बारीक फवारा मारला तर तो ओल्या पानांना अंग घासून अंघोळ करतो. केळीच्या किंवा कर्दळीच्या रुंद पानावर हे बघायला मिळालं तर क्षणभर हातातलं काम ठेवून बघावंच.

पाणी रोज बदलायचं आणि भांडं रोज घासायचं. नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. डेंगीचा डास भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याच्या ब्रशने कडा खरवडून धुतल्या तर हे चक्र सुरूच होत नाही. सोसायटीत कोणी ‘तुमच्या भांड्यामुळे डास होतात’ म्हणून तक्रार केली तर त्यांना रोजची ही धुलाई दाखवावी.

बंगळुरूच्या पाखरांचं वर्ष इथल्या झाडांच्या फुलण्यावर चालतं. त्यामागे एक रंजक इतिहास आहे आणि त्यात आपला बडोदाही येतो. गुस्ताव हरमान क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याला आला आणि पुढे १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानच्या सेवेत लालबागेत रुजू झाला. एक झाड फुलून संपलं की दुसरं फुलावं अशा क्रमाने रस्ते वृक्षांनी सजवायची कल्पना त्याने या शहरात रुजवली. डिसेंबर-जानेवारीत गुलाबी टॅबेबुया, मग पिवळी, जॅकरांडा, होंगे म्हणजे आपला करंज, एप्रिलपासून गुलमोहर. यांतली बरीच झाडं परदेशी आहेत, आणि त्यांच्या पानांवर आपल्याकडच्या अळ्या फारशा वाढत नाहीत, हे त्यांचं उणं. रंग डोळ्यांना सुखावतो, पण पाखराच्या दृष्टीने करंज, पांगारा, सावर, औदुंबर यांची सर त्यांना नाही. पांगारा आणि सावर फुलले की कोतवाल, साळुंक्या, पोपट आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्या एकाच झाडावर जमतात.

देशी झाडं लावली तर काय होतं याचं उदाहरण भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आहे. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी तिथे पर्यावरणशास्त्र केंद्र उभं केलं, आणि या केंद्रातल्या मंडळींनी १९८० च्या दशकात पश्चिम घाटातली रोपं आणून एका ओसाड तुकड्यावर लावली. आज तिथे सावलीचं, पालापाचोळ्याचं छोटं जंगल आहे. आपल्याला जंगल लावता येणार नाही, पण सोसायटीच्या आवारात दरवर्षी लावल्या जाणाऱ्या फॉक्सटेल पामऐवजी एक करंज, एक जांभूळ, एक शेवगा लावा म्हणून समितीकडे आग्रह तरी धरता येईल.

घरी जागा असेल तर शेवगा पहिला लावा. तो झपाट्याने वाढतो, वर्षातून अनेकदा फुलतो, फुलांवर शिंजीर येतात, आणि त्याची एखादी वाळकी फांदी तशीच ठेवली तर तांबट त्यात घरट्याचं भोक कोरतो. तांबटाने सोडलेल्या ढोलीत पुढे वल्गुली राहायला येते. वाळकी फांदी धोकादायक जागी नसेल तर ती तोडू नये. कढीपत्ता तर घरोघरी असतोच. त्याचं वरचं टोक सतत खुडत राहिलं तर फुलं-फळं धरत नाहीत. एक फांदी मोकळी सोडली तर काळी-जांभळी फळं धरतात आणि बुलबुल-कोकिळा ती संपवतात. त्याच झाडाच्या आणि लिंबाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पानं कुरतडलेली दिसली म्हणून औषध मारू नका. त्या अळ्या म्हणजे शिंप्याच्या पिल्लांचं जेवण. अमेरिकेतले कीटकतज्ज्ञ डग टॅलमी यांनी तिथल्या चिकडी या पक्ष्याबद्दल लिहिलं आहे की एका वेळची पिल्लं मोठी करायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. आपली वल्गुली ही चिकडीच्या कुळातलीच. इतक्या अळ्या आपण हाताने कधीच देऊ शकणार नाही. फवारणी बंद केली की झाड त्या देतं.

बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी हॅमेलिया, गावठी एकेरी लाल जास्वंद, इक्झोरा, अडुळसा, कर्दळ, डाळिंब. जास्वंद घेताना भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जातींपेक्षा एकेरी घ्या. भरगच्च फुलात मधापर्यंत चोच पोचणं कठीण होतं. लालबागेजवळच्या सिद्धापुरा भागात जुन्या रोपवाटिका आहेत, आणि प्रजासत्ताक व स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास लालबागेत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातही रोपं मिळतात. घाणेरी तेवढी आणू नका. बुलबुल तिची फळं आवडीने खातात, पण त्यांच्यामार्फत ती रानात पसरते आणि बंदीपूरसारख्या जंगलांत तिने काय करून ठेवलं आहे ते प्रवासात दिसतंच. सिंगापूर चेरी, म्हणजे इथल्या भाषेत ‘गसगसे’चं झाड, परदेशी असूनही मी सुचवेन, कारण जवळजवळ बारा महिने फळणारं आणि तीन वर्षांत सावली देणारं दुसरं झाड मला माहीत नाही. फक्त इमारतीला खेटून नको, वादळी पावसात त्याच्या फांद्या मोडतात.

फुलांच्या जागी साखरपाण्याच्या बाटल्या टांगायची फॅशन आली आहे. ती पद्धत अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी आहे. इथल्या उन्हात साखरपाणी काही तासांत आंबतं, बुरशी धरतं, मुंग्या येतात. शिंजिराला मधासोबत कोळी आणि किडेही हवे असतात, आणि ते फुलझाडावरच मिळतात. दोन हॅमेलिया लावणं स्वस्त आणि निर्धोक.

बांडगुळाबद्दलही थोडं सांगतो. आंब्यावर, चिकूवर बांडगूळ दिसलं की माळी लगेच कोयता काढतो. पण शहरातला सर्वांत चिमुकला पक्षी, आठ सेंटिमीटरचा फुलटोच्या, मुख्यत्वे त्याच्याच फळांवर जगतो. बी इतकं चिकट असतं की तो ते फांदीला पुसून टाकतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. सलीम अलींनी १९३१ मध्ये कोकणातल्या बांडगुळाचा प्रसार शिंजीर आणि फुलटोचे कसा करतात यावर लेख लिहिला होता. फळझाड वाचवायला बांडगूळ जरूर काढा, पण मोठ्या, जोमदार झाडावरचा एखादा झुबका राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पहिल्या दमदार सरीनंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे हजारोंनी बाहेर पडतात. त्या वेळी घारीसुद्धा आकाशात गिरक्या घेत ते पकडतात. कोतवाल, साळुंक्या, बुलबुल सगळे तुटून पडतात. बाल्कनीतले दिवे थोडा वेळ बंद ठेवा, म्हणजे किडे घरात येणार नाहीत आणि बाहेर पाखरांना मिळतील. हे दिवस बऱ्याच पाखरांच्या विणीचे. हाताने काही वाढायची गरज जवळजवळ नसते; वाढायचं ते फक्त पाणी.

जूनपासून दाणे पूर्ण बंद ठेवावेत. बंगळुरूला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे सर्वांत ओले महिने. ओल्या दाण्यांना रात्रीत बुरशी येते. त्याऐवजी आवाराचा एक कोपरा न कापता सोडा. गवताला तुरे आले की ठिपकेवाल्या मुनिया त्यावर डोलत दाणे खातात आणि गवताची लांब पाती घरट्याला घेऊन जातात. माळ्याला मात्र हे नीट समजावून सांगावं लागतं, नाहीतर तो कोपरा ‘साफ’ झालेला दिसेल.

भाद्रपदात पितृपक्षात कावळ्याला पान ठेवणारी घरं इथेही आहेत. ते जरूर ठेवावं. पानावरचं वडा-भजी, मिठाचं असं थोडंच ठेवून साधा भात जास्त ठेवला तर कावळ्यालाही बरं, आणि तासाभराने उरलेलं उचलावं म्हणजे उंदीर येत नाहीत. घारींना कोंबडीचे तुकडे फेकायची सवय मात्र चांगली नाही. धीट झालेली घार पुढे मुलांच्या हातातला खाऊ ओढते.

ऑक्टोबरपासून पाहुणे येऊ लागतात. हिमालयातून आणि त्यापलीकडून आलेले पर्णवटवटे, राखी कोतवाल, स्वर्गीय नर्तक, हळद्या. नवरंग तर अनेकदा शहराच्या एखाद्या बागेत दमून उतरतो आणि दोन-चार दिवस पालापाचोळा उलटून किडे खात राहतो. म्हणून झाडाखालचा पाला जाळू नका, झाडून गोळा करू नका. झाडाच्या बुंध्याशी चार बोटं थर राहू द्या. याच काळात काचांवर आपटून पाखरं मरतात. काचेत आकाश आणि झाडं दिसतात, पाखराला ती वाट वाटते. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या पाच ते दहा सेंटिमीटर अंतराने लावल्या तर पाखरं वळतात. पाण्याचं भांडं खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवावं किंवा मग दहा मीटर दूर; मधल्या अंतरावरून घाबरून उडालेलं पाखरू पूर्ण वेगाने काचेवर आदळतं.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा भरते. तिथून आणलेल्या शेंगांतल्या मूठभर पाखरांसाठी ठेवायला हरकत नाही. मीठ न लावलेल्या, कडक वाळलेल्या आणि फोडून भरडलेल्या दाण्यांवर वल्गुली, बुलबुल येतात, खारीही येतात. मात्र एका दाण्यालाही हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळी पिशवी फेका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष पाखरांचं यकृत खराब करतं. डिसेंबर-जानेवारीत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलताना ज्या हिरव्या अळ्या निघतात, त्या केरात टाकण्याऐवजी उघड्या बशीत कठड्यावर ठेवून बघा. दयाळ आणि बुलबुल त्या आनंदाने नेतील.

थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत फळ देता येतं. पपईची फोड, पिकलेला पेरू, केळं किंवा चिकू फांदीच्या खुंटीला टोचून ठेवायचा, सकाळी ठेवायचा आणि दुपारी काढायचा. फळावर घोंगावणाऱ्या बारीक माश्यांवरही किडेखाऊ पाखरं येतात. पण तुमच्या भागात माकडं असतील तर फळ बाहेर ठेवूच नका. एकदा वाट सापडलेली टोळी पुढे स्वयंपाकघरापर्यंत येते आणि त्रास शेजाऱ्यांना होतो.

जे काही वाढाल त्याची भांडी आठवड्यातून एकदा साबणाने, मग एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी या प्रमाणात धुऊन, कडक उन्हात वाळवूनच पुन्हा वापरा. ब्रिटनमध्ये २००५ पासून दाण्यांच्या भांड्यांवर पसरलेल्या ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच हा तिथला नेहमीचा पक्षी फार मोठ्या प्रमाणात घटला. माया करणाऱ्यांच्याच अंगणात हे घडलं. पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेलं आजारी पाखरू भांड्याजवळ दिसलं तर दोन आठवडे सगळं बंद ठेवा, म्हणजे पाखरं पांगतील. मेलेलं पाखरू उघड्या हाताने उचलू नका, आणि एकाच वेळी अनेक पाखरं मेलेली दिसली तर पशुसंवर्धन खात्याला कळवा. बर्ड फ्लूची शक्यता असते.

उन्हाळ्यात जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू सापडलं की घरात आणून त्याच्या चोचीत ड्रॉपरने पाणी घालणारे बरेच असतात. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. उडायला शिकणारं पिल्लू असेल तर जवळच्या झुडपात उंचावर ठेवून दूर व्हावं. आई-बाप भरवायला येतात. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून केंगेरीच्या पीपल फॉर अॅनिमल्सच्या वन्यजीव रुग्णालयात न्यावं. पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावं.

नोंदींची वही पुढे चालू ठेवली तर तिचा उपयोग तुमच्यापुरता राहत नाही. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. भारतात तो २०१३ पासून चालू आहे. पंधरा मिनिटं आपल्याच बागेतली पाखरं मोजून ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायची. चिमणीबद्दलचा वर सांगितलेला अहवाल अशाच लाखो नोंदींवर उभा राहिला आहे. ओळख पटत नसेल तर मारुती चितमपल्लींची पुस्तकं घरात असू द्या; मराठी नावं त्यांतूनच तोंडी बसतात.

मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी जाताना पाखरांचं काय, असं बरेच जण विचारतात. दाण्यांची काळजी करू नका. पाखरं एकाच ठिकाणावर अवलंबून नसतात, ती दुसरीकडे खातात. जाण्याआधीच्या आठवड्यात रोज थोडं कमी करत जा. पाण्यासाठी शेजारी किंवा वॉचमनला सांगून ठेवा, त्यांना भांडं कसं घासायचं ते एकदा करून दाखवा. कोणीच मिळालं नाही तर थाळी रिकामी करून, धुऊन, उपडी घालून जा, आणि कुंड्यांना ठिबकची बाटली लावून ठेवा.